सत्तेचाळीस नंबरची तक्रार

पोलीस दूरक्षेत्र, माळवाडी फाटा,
जि. सांगली.
जावक क्र. ३१९/९६
दि. २२ ऑगस्ट १९९६

सौ. बनुबाई नाथाजी निकम,
रा. बोरजाईवाडी, यांस,

विषय : मिश्री लावीत असल्याबाबत.

आपणांस कळविण्यात येते की, दि. २६ जून ते २ जुलै या अमली पदार्थ विरोधी सप्ताहात बोरजाईवाडीच्या प्राथमिक शाळेत या दूरक्षेत्रातर्फे व्याख्यान झाले व शाळेत निर्भय पेटी ठेवण्यात आली. पेटीत एकूण ११२ तक्रारी निघाल्या. पैकी क्र. ४७ ची तक्रार आपल्याविरुद्ध आहे. आपण रोज सकाळी, दुपारी, तसेच पाहुणे आल्यावर मिश्री लावता, असे तक्रारदाराचे म्हणणे आहे. तक्रारदाराचे नाव गुप्त आहे.

तरी आपण दि. २९ ऑगस्ट रोजी सकाळी ११ वाजता जबाबासाठी समक्ष हजर राहावे. येताना मिश्रीची डबी सोबत आणावी. दात दाखविण्याची तयारी ठेवावी. हजर न राहिल्यास गैरहजर समजण्यात येईल.

लालासाहेब ज्ञानू थोरात
पोलीस हवालदार, बक्कल नं. ८१४


मंगळवार पेठ, सातारा.
३ सप्टेंबर १९९६

श्री. थोरात यांस,

नमस्कार. आपली नोटीस गावच्या पत्त्यावरून फिरून काल मला येथे मिळाली. मी सध्या माझी मुलगी हौसा हिच्याकडे सातारला राहतो.

माझी पत्नी बनुबाई ९ जुलै रोजी वारली. त्यामुळे २९ ऑगस्टला ती हजर राहू शकली नाही.

ती मिश्री लावीत होती हे खरे आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून लावीत होती. तंबाखू ती स्वतः तव्यावर भाजायची, कुटायची आणि लुगड्याच्या पदरातून गाळायची. भाजताना घरभर ठसका उठायचा, म्हणून मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसत असे. याखेरीज माझी तिच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

तक्रार निकाली काढावी आणि तिचे नाव यादीतून कमी करावे. मी जमीन मोजणी खात्यात एकतीस वर्षे मोजणीदार होतो. मयताचे नाव कमी करण्याची पद्धत सगळ्या खात्यांत असते, हे मला माहीत आहे.

आपला,
नाथाजी कृष्णा निकम


माळवाडी फाटा
१० सप्टेंबर १९९६

नाथाजीराव यांस,

रामराम. पत्र वाचून फार वाईट वाटले. नोटीस काढली तेव्हा मला काही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी नोटीस गेली असती, कारण जावक नंबर पडला होता. पण दात दाखवायचे वाक्य मी खोडले असते.

नाव कमी करण्याची पद्धत आमच्याकडे नाही. रजिस्टरला तीनच रकाने आहेत. पहिला, व्यसन सुटले. दुसरा, व्यसन सुटले नाही. तिसरा, गैरहजर. साहेबांना विचारले, 'साहेब, बाई वारल्यात, कुठं लिवू?' साहेब म्हणाले, 'रकाना छापून येतो, आपण पाडायचा नसतो.' नोटिसा पुढच्या नंबरांना काढता येतात, पण क्रमांक सोडून पुढचा निकाल लावता येत नाही. त्यामुळे सत्तेचाळीसच्या मागे पासष्ट तक्रारी अडकून पडल्या आहेत.

तुम्ही खात्यातले माणूस आहात म्हणून मूळ प्रकार सांगतो. व्याख्यानाचा मजकूर वरून छापून आला होता. त्यात पांढरी पूड, तपकिरी पूड, सुया, चांदीचा कागद अशी चित्रे होती. पहिल्या शाळेत मी ती दाखवली, तर पोरे म्हणाली, 'सर, हे कुठं मिळतं?' मला माहीत नव्हते. बावीस वर्षांच्या नोकरीत पांढरी पूड मी फक्त कॅरमच्या बोर्डावर बघितली. दुसऱ्या शाळेत एकजण म्हणाला, 'सर, आमच्या सोप्यात हिची अख्खी पोती हायेत.' जाऊन बघितले तर युरिया. म्हणून बोरजाईवाडीत मी माझ्या डोक्याने बोललो. म्हणालो, नशा म्हणजे तंबाखू, नशा म्हणजे मिश्री. घरात कोणी करत असेल तर चिठ्ठी टाका, पोलीस बघून घेतील. आणि पोलीस जे करतात ते लेखी करतात, आमचा शिक्का असेल तेच खरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच चूक झाली.

११२ चिठ्ठ्या. १०९ मिश्रीच्या. एक हेडमास्तरांच्या तपकिरीची. एका म्हशीची, की ती कारखान्याची मळी खाऊन झिंगते. आणि अठ्ठेचाळीस नंबरची माझ्यावर! 'भाषण करताना हवालदारांच्या खिशात चुन्याची डबी दिसली.' साहेबांनी सगळ्या नोंदवायला लावल्या, कारण पेटीवर 'प्रत्येक तक्रारीची दखल घेतली जाईल' असे मीच पेंटरकडून लिहून घेतले होते. अठ्ठेचाळीसला तपास करणारा मीच आणि ज्याच्यावर तक्रार तोही मीच. मी मला नोटीस काढली. त्या दिवशी मला बंदोबस्त लागला, म्हणून मी हजर राहिलो नाही. दुसरी नोटीस काढली आहे.

आतापर्यंत सेहेचाळीस झाल्या, बहुतेक आज्ज्याच. एकाच ट्रॉलीत बसून आल्या. लिंबाखाली वाट बघून कंटाळल्या आणि तिथेच डब्या काढून मिश्री लावू लागल्या. मी म्हणालो, 'आवं, ह्योच तर गुन्हा हाय!' तर एक आजी म्हणाली, 'मग लिव की रं. समोरच करतोय. तुला हुडकाया जायाचा तरास न्हाई.' मला पण बोटभर देऊ केली. मी घेतली नाही.

तरी दोन गोष्टी पाठवा. मृत्यूच्या दाखल्याची प्रत, आणि मिश्रीची डबी, म्हणजे मुद्देमाल जमा दाखवून प्रकरण बंद करता येईल. शिवाय मरतेवेळी व्यसन होते की सुटले होते, तेही कळवा.

बाईंचे माहेर मलकापूर, असे कानावर आले. मी मलकापूरचाच. माहेरचे आडनाव काय?

लालासाहेब थोरात


सातारा
२० सप्टेंबर १९९६

श्री. थोरात यांस,

नमस्कार. मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे.

माहेरचे आडनाव शिंदे.

डबी पाठवता येत नाही. ती सापडत नाही. पितळेची, चपटी, झाकणावर मोर कोरलेला. मोराच्या मानेपाशी चेमटलेली आहे. मी घरात सगळीकडे शोधली. पिठाच्या डब्यातही हात घालून बघितला. सापडली असती तरी मी ती जमा केली नसती. तिच्या वस्तूंपैकी मला ठेवावीशी वाटली ती तेवढीच होती.

रकान्याबद्दल. तिला गैरहजर लिहू नये. ९ जुलैला मी आटपाडीला होतो. वीस वर्षांपूर्वी मी मोजलेल्या एका बांधाची साक्ष होती. सकाळी तिच्या छातीत दुखू लागले. घरात ती आणि आमची नात शिवांजली दोघीच होत्या. शेजारच्या मनुबाईंनी धावपळ केली. तुमच्याच दूरक्षेत्राची जीप आली आणि तिला सांगलीच्या दवाखान्यात नेले, असे मनुबाई सांगतात. त्या पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या होत्या. मागे एक पोलीस तिच्याजवळ बसला होता, त्याचे नाव त्यांना माहीत नाही. आपणांस माहीत असल्यास माझा नमस्कार सांगावा. मी चार वाजता पोचलो. ती अकरालाच गेली होती. त्या दिवशी गैरहजर ती नव्हती, मी होतो. तरी 'व्यसन सुटले' या रकान्यात लिहावे. तसे लिहिणे खोटे होणार नाही असे वाटते.

आणखी एक विचारायचे होते. शिवांजली आठ वर्षांची आहे. तिचे आईवडील फौजेच्या क्वार्टरमध्ये जबलपूरला असतात. बदल्यांत शाळा मोडू नये म्हणून ती आमच्याकडे होती. मुलांनी काही बघू नये म्हणून त्याच दिवशी दुपारी माझे जावई नानासो तिला एसटीने इकडे घेऊन आले. तेव्हापासून ती कामापुरतेच बोलते. इथल्या शाळेत नाव घातले आहे, पण शाळेत पाय टाकत नाही. फाटकापर्यंत नेले की खांब धरून उभी राहते. पोस्टमन आला की आत पळते. नवीन गाव आहे म्हणून बुजली असेल, असे आम्ही धरून चाललो आहोत. शाळेत व्याख्यानाच्या वेळी ती कशी होती, आपल्याला आठवत असल्यास कळवावे. सहामाही परीक्षा चुकणार आणि हेडमास्तरीणबाई नाव कमी करू म्हणतात. बाळासो, म्हणजे माझा मुलगा, याला मी अजून हे कळवलेले नाही.

जावयांचा मात्र तिला लळा लागला आहे. ते एसटीत कंडक्टर आहेत. रोज सकाळी ड्युटीवर निघताना ती आपल्या ताटातली राखलेली अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून त्यांच्या हातात देते आणि खाली मान घालून आत जाते. जावई म्हणतात, 'मामा, पोरगी लय मायाळू हाय. कोरेगावच्या फेरीला रोज तीच खातोय.'

आपला,
नाथाजी निकम


माळवाडी फाटा
५ ऑक्टोबर १९९६

नाथाजीराव यांस,

रामराम. दाखला मिळाला.

मलकापूरचे शिंदे म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीचे माहेर. म्हणजे आपण पाहुणेच निघालो. पाहुण्याने पाहुण्याची चौकशी करणे बरोबर नाही, असे मी साहेबांना म्हणालो. साहेब म्हणाले, 'पाहुणे वगळून चौकशी करायची तर हवालदार कर्नाटकातून आणावा लागंल.' तेव्हा चौकशी माझ्याकडेच आहे.

डबीचा आता आग्रह नाही. शोधू नका.

जीपचे म्हणाल तर स्टेशन डायरीत नोंद आहे. 'सकाळी ६.१० वाजता एक आजारी महिला घेऊन जीप सांगलीस रवाना.' मागे कोण बसले होते ते बघावे लागेल. त्या दिवशी बरेच जण ड्युटीवर होते.

नात शाळेत कशी होती ते आठवत नाही. पोरे फार होती.

म्हशीची तक्रार मागे घेण्यात आली. आमच्याकडे पाऊस उघडला.

ला. ज्ञा. थोरात


सातारा
१६ ऑक्टोबर १९९६

श्री. थोरात यांस,

नमस्कार. आपले पत्र ज्या दिवशी आले त्या दिवशी घडलेला प्रकार कळवतो. मला उशीर झाला, कारण लिहावे कसे हे समजत नव्हते.

जावई चार दिवस रजेवर होते. घरात लुंगी नेसून बसले होते. शिवांजलीने त्या चार दिवसांत त्यांना भाकरी दिली नाही. चौथ्या दिवशी पोस्टमन आला. ही पळाली नाही. उलट दारात गेली. थोड्या वेळाने पोस्टमनने मला हाक मारली. त्याच्या एका हातात तुमचे पत्र होते आणि दुसऱ्या हातात फडके. तो म्हणाला, 'आजोबा, नातीनं पार्सल दिलंय. पत्ता तोंडी सांगितलाय. बनुबाई निकम, पोलीस लॉकअप, सांगली. भाकरी पाठवायला मनाई न्हाई, पण विटायच्या आत पोचंल असं मी लिहून देत न्हाई. शिवाय तिकीट लावल्यालं न्हाई.'

मी तिला जवळ बसवून विचारले. ती म्हणाली, 'आजोबा, तुमी लपवू नका. मला ठावं हाय. चिठ्ठी मीच टाकली हुती. डबीबी मीच टाकली पेटीत. मग पोलीस आले आन् आजीला जीपमधनं घिऊन गेले. मनुबाई आजीबी त्यांच्यातच बसली. मग मलाबी खाकीवाल्यानं एसटीनं हिकडं आणलं.'

म्हणजे तीन महिने ती जावयांना पोलीस समजत होती. कारण त्यांचे कपडे खाकी, आणि त्या दिवशी ते ड्युटीवरूनच तिला आणायला गेले होते. ती भाकरी तिने आजीला कोठडीत पोचवण्यासाठी दिली होती आणि जावई ती कोरेगावच्या फेरीला खात होते. हे कळल्यापासून जावई जेवायला बसले की मध्येच थांबतात. शाळेत ती जात नाही, कारण तिथेही पेटी असेल आणि तिथेही कोणी कोणाला तरी नेतील.

मी तिला सांगितले, आजी वारली. ती म्हणाली, 'कागद दाखवा.' मी मृत्यूचा दाखला दाखवला. तिने शिक्का बोटाने वाचला आणि म्हणाली, 'ह्यो पोलिसांचा न्हाई. पोलीस काका म्हणले हुते, आमचा शिक्का असंल तेच खरं.' मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. हे मी चुकीचे केले.

तर माझी विनंती आहे. पोलिसांनी बनुबाईला पकडले नाही, असा दाखला तुमच्या शिक्क्यानिशी द्यावा. रकान्यात तुम्ही काहीही लिहा. मला आता त्याचे काही वाटत नाही. दाखला मात्र पाहिजे.

आपला,
नाथाजी निकम


(पोस्टकार्ड)
सातारा, २८ ऑक्टोबर १९९६

श्री. थोरात यांस, नमस्कार. १६ तारखेच्या पत्राचे उत्तर नाही. शिवांजली आता पोस्टमनची वाट बघते. त्याने शिक्क्याचा कागद आला नाही असे सांगितले की भाकरी त्याच्या सायकलच्या दांडीवर ठेवते. तो बिचारा नेतो. काय करतो मी विचारले नाही.
ना. कृ. निकम


माळवाडी फाटा
४ नोव्हेंबर १९९६

नाथाजीराव यांस,

रामराम. तुमचे पत्र अठरा दिवस टेबलावर होते. रोज काढत होतो, ठेवत होतो. मी दोनदा खोटे लिहिले. एकदा म्हणालो आजीने देऊ केलेली मिश्री घेतली नाही. घेतली. दुसऱ्यांदा म्हणालो जीपमध्ये मागे कोण होते ते बघावे लागेल. मीच होतो.

८ जुलैला मी पेटी उघडली. तळाशी एक पितळेची डबी होती, झाकणावर मोर. नियमाने पंचनामा करून जमा करायला हवी होती. मी उघडून वास घेतला. नाथाजीराव, इतकी बारीक मिश्री मी जन्मात बघितली नाही. पोरांना सांगत हिंडलो की सोडा, सोडा, आणि डबी खिशात टाकली. नोंद केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरजाईवाडीचा निरोप आला. जीप घेऊन गेलो. बाईंना मागच्या बाकावर निजवले आणि मी डोके मांडीवर घेतले. नाव विचारायचे सुचले नाही. फाटा ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, 'आवं हवालदार, त्वांड लय कडू झालंय. कुणाकडं मिश्री हाय का?' पुढून मनुबाई ओरडल्या, 'गप पड गं, जीव चाललाय तुझा!' मी डबी काढली आणि बोटावर घेऊन त्यांच्या दाताला लावली. त्यांनी डबी हातात घेतली. मोराच्या मानेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, 'ही तर माझीच हाय. चार दिस झालं हुडकतीया.'

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. म्हणालो, 'आजी, शाळेच्या पेटीत घावली.' त्यांनी क्षणभर बघितले आणि हसायला लागल्या. 'म्हंजी आमच्या शिवीनं टाकली. म्हणली हुती, आजे, तुला पोलिसांत देणार. दिलंच की गं बया! लय धीराची हाय. खरं बोलाया भ्याली न्हाई.' मग म्हणाल्या, 'तिच्या आज्याला सांगू नका. रागं भरायचा न्हाई त्यो. पण गप बसतोय, आन् पोराला त्येचंच जास्ती भ्या वाटतंय.'

दवाखान्यात पोचवून मी बंदोबस्ताला गेलो. संध्याकाळी ड्रायव्हर म्हणाला, म्हातारी गेली. तेव्हापासून माझ्या मनात एकच होते, की मी लावलेल्या मिश्रीने तर नाही ना. म्हणून नाव विचारले नाही. पुढे सत्तेचाळीस नंबर हातात आला तेव्हा मला अंदाज यायला हवा होता. आला नाही, की मी येऊ दिला नाही, ते मला सांगता यायचे नाही. तुमच्या पत्रात मोर वाचला तेव्हा पळायला जागा राहिली नाही.

दाखला सोबत आहे. 'पोलिसांनी नेले नाही' असे लिहून मागितलेत, तसे लिहिता येत नाही, कारण नेले आम्हीच. जे झाले ते लिहिले आहे. साहेबांपुढे सही घ्यायला गेलो. त्यांनी दोनदा वाचला. मला वाटले आता निलंबन. ते म्हणाले, 'डबीचं मला आताच कळलं, आणि मी ऐकलं न्हाई.' मग शिक्का स्वतः मारला. एक अस्पष्ट उठला म्हणून दुसरा मारला.

डबी पार्सलने पाठवत आहे. निम्मी आहे. बाकीची मी संपवली. माफ करा.

लालासाहेब थोरात

(सोबतचा कागद)

जावक क्र. ४०२/९६

दाखला

कु. शिवांजली बाळासो निकम, इयत्ता तिसरी, हिच्या मागणीवरून दाखला देण्यात येतो की :

बनुबाई नाथाजी निकम यांना दि. ९ जुलै १९९६ रोजी या दूरक्षेत्राच्या जीपमधून नेले, हे खरे आहे. आजारी म्हणून नेले. तक्रारीवरून नेले नाही. त्या वेळी तक्रार वाचलेलीसुद्धा नव्हती. बनुबाई यांना अटक झाली नाही. त्या कोणत्याही कोठडीत नाहीत व नव्हत्या. त्या त्याच दिवशी दवाखान्यात आजाराने वारल्या.

जीपमध्ये त्यांनी आपली डबी ओळखली. ती पेटीत कोणी टाकली हेही ओळखले. त्या हसल्या. तक्रारदार धीराची आहे व तिच्यावर आपला राग नाही, असे त्यांनी तोंडी सांगितले. ते निम्नस्वाक्षरीकाराने समक्ष ऐकले.

जेवण पाठविण्याची आवश्यकता नाही.

(सही व शिक्का दोन वेळा)


सातारा
१५ नोव्हेंबर १९९६

लालासाहेब यांस,

नमस्कार. दाखला आणि डबी दोन्ही लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मिळाली. पोस्टमनने पार्सल शिवांजलीच्याच हातात दिले. सही तिचीच घेतली.

दाखला तिने स्वतः वाचला. शिक्के मोजले. मला विचारले, 'समक्ष म्हंजे काय?' मी सांगितले, समक्ष म्हणजे तिथे बसून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून आणि कानांनी ऐकून. 'आन् निम्नस्वाक्षरीकार?' मी म्हणालो, ज्याने खाली सही केली तो. ती म्हणाली, 'म्हंजे पोलीस काकांनी आजीचं डोस्कं मांडीवर घेतलं हुतं?' तसे दाखल्यात नाही, पण तुमच्या पत्रात आहे, म्हणून मी पत्रही वाचून दाखवले. सगळे वाचले, तुमची आधीची पत्रेही. तिच्या आज्याविषयी लिहिलेलेही.

ते वाचल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी उठून बाहेर पायरीवर जाणार होतो. गेलो नाही. मग ती रडली. जुलैपासून ती रडलेली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मीही रडलेलो नव्हतो.

मिश्रीबद्दल मनात काही ठेवू नका. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितले होते, झटका घरीच येऊन गेला होता. बोटभर मिश्रीने काही झाले नाही. एक झाले. माझी अशी समजूत होती की शेवटी तिच्याजवळ कोणी ओळखीचे नव्हते. डबी होती, आणि पाहुण्यांपैकी एकजण होता. हे मला चार महिने माहीत नव्हते.

शाळा २५ तारखेला उघडते. काल सुट्टीतले कार्यालय उघडे होते, तेव्हा ती जावयांबरोबर शाळेत जाऊन आली. आत जाऊन कुठे पेटी आहे का, ते तिने बघून घेतले. नाही. परीक्षा पुन्हा घेऊ, असे हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. आज सकाळी जावई खाकी घालून दारात उगीच उभे राहिले. म्हणाले, 'का गं शिवे, आज भाकरी न्हाई?' ती म्हणाली, 'तुमी पोलीस न्हाईसा. तुमी तुमची घ्या.'

आता रकाना. सत्तेचाळीसच्या मागच्या पासष्ट जणांना अजून खोळंबून ठेवणे बरे नाही. मी पूर्वी 'व्यसन सुटले' लिहा म्हणालो होतो. ते खोडावे. दुसरा रकाना भरावा. व्यसन सुटले नाही. शेवटपर्यंत लावली, आणि शेवटची पोलिसांच्या हातची लावली. साक्षीदार तुम्ही आहातच.

डबी इथे कोनाड्यात ठेवली आहे. हौसाने काल झाकण उघडले आणि घरभर वास पसरला. मी कट्ट्यावर गेलो नाही.

दिवाळीच्या फराळातले थोडे वेगळे पाठवले आहे. पाहुणे म्हणून घ्यावे.

आपला,
नाथाजी निकम

ता. क. खालच्या ओळी शिवांजलीच्या आहेत. मी त्यात काही बदल केलेला नाही.

पोलीस काकांना नमस्कार. दाखला मिळाला. सत्तेचाळीस नंबरची तक्रार मी मागे घेते. अठ्ठेचाळीस नंबरची पण माझीच होती. तुमच्या खिशात चुन्याची डबी होती ती मी पहिल्या ओळीत बसले होते म्हणून मला दिसली. ती तक्रार मी मागे घेणार नाही.
शिवांजली बाळासो निकम
इयत्ता तिसरी